गोल्फ कोर्स पर्यावरणपूरक करताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

‘कोर्स पर्यावरणपूरक करायचा’ असा ठराव कमिटीत झाला की पुढची पावलं बहुतेक ठिकाणी ठरलेली असतात. पावसाळ्याच्या तोंडावर शेकडो रोपं लावली जातात, क्लबहाऊसवर सोलर पॅनेल चढतात आणि एसटीपीचं (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं) पाणी आणायची बोलणी सुरू होतात. एप्रिलमध्ये पाहावं तर रोपं वाळलेली, पंप पूर्वीइतकेच तास चालू, आणि नव्या पाण्यावरचं गवत कडेनं करपायला लागलेलं. या तिन्ही कामांना जागा आहे, पण यादीत बरीच खाली.

पुढचा क्रम पुणे, नाशिक, नागपूर अशा ठिकाणच्या अठरा होलच्या कोर्ससाठी आहे. तिथं पाऊस चार महिने पडतो आणि ऑक्टोबर ते मे गवत पाण्यावर जगवावं लागतं. खाली मुरूम असतो नाहीतर काळी माती. मुंबई-कोकणात पाऊस जास्त असल्यामुळे निचरा आणि बुरशी यांचं काम वाढतं, क्रम मात्र हाच राहतो. सुरुवात ऑक्टोबरात करा. जूनमध्ये सुरू केलेलं काम वर्षभर मागे पडतं.

## तयारी: हाताशी काय हवं

- कोर्सचा मोजणी केलेला नकाशा, प्रत्येक स्प्रिंकलर हेडसह (म्हणजे पाणी फवारणाऱ्या तोंडासह). नसेल तर उपग्रहाचं चित्र मोठ्या कागदावर छापून त्यावर हेड हाताने टिपा.
- प्रत्येक पंपाला आणि प्रत्येक बोअरवेलला पाण्याचं मीटर.
- सरळ भिंतीचे, एकाच मापाचे २४ डबे आणि एक मोजपात्र.
- पाण्याची विद्युत वाहकता मोजायचं खिशातलं यंत्र, त्यावरून पाण्यातले क्षार कळतात. महाग नसतं.
- ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत), टी (पहिला फटका मारायची जागा), फेअरवे (या दोहोंमधला कापलेला पट्टा) आणि रफ (कडेचं वाढलेलं गवत) यांच्या मातीचे वेगवेगळे नमुने. सगळ्यांची माती एकत्र करून एकच नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर अहवालाचा काही उपयोग होत नाही, कारण ग्रीन वाळूवर उभं असतं आणि फेअरवे मुरमावर.
- या कामाला जबाबदार असा एकच माणूस. शक्यतो कोर्सची देखभाल पाहणारा सुपरिंटेंडंट, कमिटीचा सदस्य नको. कमिट्या बदलतात.

याच वेळी मेंबरांना लेखी कळवा की मार्च ते मे रफचा रंग बदलणार आहे. हे आधी सांगितलं नाही तर एप्रिलमध्ये तक्रारी येतात, तक्रारींमुळे पाणी पुन्हा सुरू होतं आणि सगळं मुसळ केरात जातं. ज्यांना तपकिरी कोर्स म्हणजे दुर्लक्षित कोर्स वाटतो, त्यांना गोल्फच्या २०१८ च्या ओपन स्पर्धेची छायाचित्रं दाखवा. त्या कोरड्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या कार्नूस्टीचे फेअरवे वाळलेल्या गवताच्या रंगाचे झाले होते आणि जगातले सर्वोत्तम खेळाडू त्यावरच खेळले.

## टप्पा १: पाण्याचा हिशेब

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. हा आकडा पंपहाऊसच्या भिंतीवर रंगवून ठेवा. बारा हेक्टर फेअरवेला रोज ४ मिमी दिलं की ४ लाख ८० हजार लिटर होतात, म्हणजे दहा हजार लिटरचे ४८ टँकर. कमिटीला टँकरचा आकडा चटकन कळतो.

रोजची नोंद साधी असू द्या: मीटरचं वाचन, कोणत्या होलला किती मिनिटं पाणी दिलं, पाऊस किती पडला. निदान दोन महिने काहीही न बदलता फक्त नोंद ठेवा. याच काळात एका रात्री सगळे व्हॉल्व्ह बंद करून, फक्त पाइपलाइनमध्ये दाब ठेवून मीटर पाहा. सगळं बंद असताना काटा फिरत असेल तर गळती जमिनीखाली आहे.

ही वही एरवीही लागते. २०१६ च्या दुष्काळात मैदानांवरच्या पाण्याच्या वापरावरून मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले होते. क्रिकेटच्या मैदानापेक्षा गोल्फ कोर्सचं क्षेत्र कितीतरी मोठं, त्यामुळे असा प्रश्न आपल्यालाही विचारला जाणार हे धरून चाला.

तपासा: महिन्याचं एकूण पाणी भागिले ओलिताखालचं क्षेत्र, यावरून रोजचे सरासरी मिलिमीटर काढा. समजा उन्हाळ्यात तुमच्या भागात बाष्पीभवन आणि बाष्पोत्सर्जन मिळून संदर्भ आकडा रोज ६ मिमी आहे. कोर्सवरच्या हरळीला त्याच्या साधारण ०.६ पट, म्हणजे साडेतीन मिमीच्या आसपास पुरतं. तुमचं सात निघत असेल, तर नवीन पाणी शोधायच्या आधी टप्पा ३ वाचा.

## टप्पा २: खेळ खरंच कुठे होतो ते नकाशावर उतरवा

हे काम ऑफिसात बसून होत नाही. कॅडींना (खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्यांना) बोलवा, प्रत्येक होलवर चेंडू कुठे पडतात आणि कुठे कधीच पडत नाहीत ते विचारा. जुन्या कॅडीइतकी पक्की माहिती कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नसते. मग नकाशावर तीन रंग भरा. ग्रीन, टी आणि चेंडू पडायच्या जागा पहिल्या रंगात. अधूनमधून चेंडू जातो असा रफ दुसऱ्या रंगात. खेळात न येणारी जागा तिसऱ्या रंगात.

तिसरा रंग बहुधा तीन ठिकाणी सापडतो: टी आणि फेअरवेची सुरुवात यांच्यामधला पट्टा, दोन होलमधल्या पाचरी, आणि कुंपणालगतची जमीन. अशा जागेला पाणी, खत, कापणी यांपैकी काहीही देण्याचं कारण नाही. एकाच निर्णयात इतकी बचत दुसरं कुठलंही यंत्र देत नाही. अमेरिकेत पाइनहर्स्टच्या क्रमांक दोनच्या कोर्सवर २०१० ते २०११ मध्ये सुमारे ३५ ते ४० एकर ओलिताचं गवत काढून टाकलं आणि स्प्रिंकलर हेड अकराशेच्या वरून साडेचारशेच्या आसपास आणले. २०१४ ची यूएस ओपन तिथंच झाली.

सावधान: तिसरा रंग फक्त मागच्या टीवरून पाहून भरू नका. पुढच्या टीवरून खेळणाऱ्या महिला आणि ज्येष्ठ खेळाडूंचा चेंडू नेमका त्या ‘रिकाम्या’ पट्ट्यात पडतो. तसंच उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याचा चेंडू उजवीकडे वळतो, म्हणून टीपासून १८० ते २३० यार्डांवर उजव्या बाजूला उंच गवत नको. चेंडू शोधण्यात वेळ गेला की खेळ रखडतो आणि त्याचा सगळा दोष पर्यावरणावर जातो.

## टप्पा ३: स्प्रिंकलरची परीक्षा आणि दुरुस्ती

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो. यात नवीन काही विकत घ्यायचं नसतं, म्हणून उद्घाटनही नसतं.

जानेवारी-फेब्रुवारीत, वारा नसताना, पहाटे करा.

१. एका फेअरवेचा नेहमीसारखा भाग निवडून २४ डबे समान अंतरावर जाळीसारखे मांडा.
२. त्या भागावर पाणी टाकणारे सगळे हेड नेहमीइतकाच वेळ चालवा.
३. प्रत्येक डब्यातलं पाणी मोजून लिहा आणि सगळ्यांची सरासरी काढा.
४. सगळ्यात कमी पाणी मिळालेले सहा डबे वेगळे करून त्यांची सरासरी काढा.
५. दुसरी सरासरी भागिले पहिली, गुणिले शंभर. ही झाली पाण्याच्या वाटपातली समानता.

समजा सगळ्यांची सरासरी २० मिली आणि तळाच्या सहांची ११ मिली आली. समानता ५५ टक्के. याचा अर्थ असा की कोरड्या कोपऱ्याला ४ मिमी मिळावं म्हणून माळी संपूर्ण फेअरवेवर सव्वासात मिमी सोडतो. समानता ७५ टक्क्यांवर नेली तर तेच काम ५.३ मिमीत होतं. बारा हेक्टरवर हा फरक रात्रीला सव्वादोन लाख लिटरच्या वर जातो.

समानता बिघडण्याची कारणं साधी असतात: वाकडे झालेले हेड, मातीत खचलेले हेड, झिजलेले नोझल, एकाच ओळीत वेगवेगळ्या मापाचे नोझल, आणि पंपापासून दूर गेल्यावर पडलेला दाब. या क्रमानेच दुरुस्त करा. हेड सरळ करून जमिनीच्या पातळीत आणायला दोन माणसं आणि फावडं पुरतं. दाब पाहायचा तर तो हेडपाशी मोजा, पंपहाऊसमधला काटा लांबच्या होलबद्दल काही सांगत नाही.

दुरुस्तीनंतर वेळापत्रक बदला. रोज थोडं थोडं पाणी दिलं की मुळं वरच राहतात. फेअरवेला दोन-तीन दिवसांआड, पण खोल ओल जाईल असं द्या. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरतं, म्हणून एकदम वीस मिनिटं सोडण्याऐवजी सात-सात मिनिटांच्या तीन फेऱ्या करा, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. पाणी रात्री उशिरा किंवा पहाटे. संध्याकाळी दिलं तर पानं रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला आयतं निमंत्रण मिळतं.

सावधान: नवीन सिंचन यंत्रणेची ऑर्डर या टप्प्यावर देऊ नका. टप्पा ४ मध्ये क्षेत्र कमी होणार आहे, आणि जुन्या क्षेत्रावर आखलेली यंत्रणा तेवढंच पाणी मागत राहील.

## टप्पा ४: रफचं माळरान करणं

तिसऱ्या रंगाच्या जागेचं पाणी फेब्रुवारीत बंद करा. नुसतं पाणी तोडून सोडून दिलं तर तिथं गाजरगवत आणि घाणेरी येते, आणि दोन वर्षांनी ‘आमचा प्रयोग फसला’ असा अहवाल लिहिला जातो. जमीन तयार करावीच लागते.

मोठी अडचण हरळीची. शेतकऱ्याला ती कशी जाते हे ठाऊक आहे: एप्रिल-मेच्या उन्हात खोल नांगरट, काश्या (जमिनीखालची खोडं) वर काढून तापू देणं, वेचून बाहेर टाकणं, पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा नांगरट. तीच पद्धत इथं वापरा. पाइपलाइन आणि केबल कुठून जातात ते आधी चुन्याने आखा. सगळी हरळी जाणार नाही, थोडी राहिली तरी पाण्यावाचून ती जोर धरत नाही. ओढ्याकाठी आणि तीव्र उतारावर मात्र नांगर घालू नका, माती वाहून जाईल. तिथं हरळी तशीच राहू द्या आणि फक्त पाणी, खत, कापणी थांबवा.

पहिले दोन चांगले पाऊस होऊन वाफसा आला की मारवेल आणि पवना या गवतांचे ठोंब दीड बाय एक फुटावर लावा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले मारवेल वाण चाऱ्यासाठी काढलेले असले तरी इथंही चालतात. कुसळी गवत आपोआप येईल. तिचे कुसळ मोज्यात आणि पायजम्यात घुसतात, म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना दोन मीटर पट्टा कापलेला ठेवा.

पहिल्या वर्षी जुलै आणि ऑगस्टमध्ये दोन निंदण्या चुकवायच्या नाहीत. गाजरगवत फुलावर यायच्या आत उपटा, हातमोजे घालून. गवत बी झाडून गेल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात वर्षातून एकदाच कापा. हा चारा जवळच्या गोठ्याला देता येतो, पण त्या पट्ट्यात कोणतंही औषध फवारलेलं नसेल तरच.

सावधान, वणवा: वाळलेलं गवत फेब्रुवारीपासून पेट घेतं. कुंपण, रस्ता आणि क्लबहाऊसच्या बाजूंनी रुंद जाळपट्टा काढा आणि त्या होलवर धूम्रपान बंद करा.

सावधान, साप: उंच गवतात घोणस असू शकते. चेंडू शोधायला आत जाणाऱ्या कॅडीला घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आणि काठी द्या. चेंडू परत आणलाच पाहिजे हा आग्रह सोडा आणि तसा स्थानिक नियम करून टाका.

तपासा: टिटवी आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, साधारण मार्च ते ऑगस्ट. नांगर किंवा मोवर (गवत कापायचं यंत्र) फिरवण्याआधी एक माणूस चालत पुढे पाठवा. घरटं सापडलं तर भोवती चार काठ्या रोवून तेवढी जागा सोडा.

## टप्पा ५: आता पाण्याचा स्रोत बदला

गरज कमी झाली, वाटप सुधारलं, आता एसटीपीच्या पाण्याकडे वळा. बोअरवेलवरचा ताण हटवण्यासाठी हा चांगला मार्ग आहे, पण सांडपाणी प्रक्रियेतून स्वच्छ झालं तरी त्यातले क्षार जात नाहीत.

पाणी घेण्याआधी हिवाळ्यात एकदा आणि मेमध्ये एकदा तपासून घ्या. विद्युत वाहकता ०.७ डेसिसीमेन्स प्रतिमीटरच्या खाली असेल तर निश्चिंत राहा. ०.७ ते ३ असेल तर काळजीपूर्वक वापरता येतं. ३ च्या वर असेल तर नको म्हणा, किंवा दुसऱ्या पाण्यात मिसळूनच घ्या. सोडियमचं प्रमाण वेगळं पाहा. काळ्या मातीत सोडियम साठलं की मातीचे कण सुटतात, वर खपली धरते आणि पाणी आत जाईनासं होतं. मग माळी आणखी पाणी सोडतो. अशा मातीला जिप्सम लागतं, किती ते माती परीक्षणावरून ठरवा. आपल्याकडे पावसाळा हे क्षार धुऊन नेतो, पण खाली निचरा असेल तरच. म्हणून चर आणि निचऱ्याच्या नळ्या मेअखेर साफ हव्यात.

ग्रीनला शक्यतो चांगलं पाणी राखून ठेवा. सगळ्या ग्रीन मिळून क्षेत्र जेमतेम सव्वा हेक्टरच्या आसपास असतं, तेवढ्यासाठी बोअरवेल चालवायला हरकत नाही.

प्रक्रिया केलेलं पाणी फक्त रात्री, कोर्स रिकामा असताना फवारा. त्याची पाइपलाइन पिण्याच्या पाण्यापासून पूर्ण वेगळी आणि वेगळ्या रंगाची हवी. ‘हे पाणी पिण्याचे नाही’ ही पाटी मराठीत आणि हिंदीत लावा. नळाला तोंड लावणारा माणूस मेंबर नसतो, माळी किंवा कॅडी असतो.

## टप्पा ६: खत

एसटीपीचं पाणी सुरू झाल्यावर जुन्याच हिशेबाने खत टाकणं ही सर्रास होणारी चूक. पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम नत्र असेल आणि नोव्हेंबर ते मे ६०० मिमी पाणी दिलं, तर हेक्टरी ६० किलो नत्र पाण्यातूनच गेलं. तेवढं खतातून वजा करा. नाहीतर गवत भसाभस वाढतं, कापणी वाढते, डिझेल वाढतं, आणि पावसाळ्यात उरलेलं नत्र ओढ्यात जातं.

फेअरवेचं कापलेलं गवत उचलू नका, तिथंच पडू द्या. गवताच्या नत्राच्या गरजेचा जवळपास चौथा हिस्सा त्यातून परत मिळतो. ग्रीनचं गवत उचलावंच लागतं, ते वाळलेल्या पाल्यात मिसळून कंपोस्ट करा. नुसत्या ओल्या गवताचा ढीग कुजून वास मारतो.

पुढच्या ४८ तासांत मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर खताचं पोतं उघडू नका. तळं आणि ओढा यांच्या काठाने सहा-आठ मीटर पट्ट्यात खत अजिबात नको.

## टप्पा ७: कीड आणि रोग

कॅलेंडर बघून फवारणी करणं बंद करा. आठवड्यातून दोनदा एकाच माणसाने ठरलेल्या वाटेने फिरून, काय दिसलं ते नकाशावर टिपायचं. साबणाचं पाणी एक चौरस मीटरवर ओतलं की दहा मिनिटांत अळ्या वर येतात, त्या मोजा. किती अळ्यांना उपाय करायचा हे ग्रीनसाठी आणि फेअरवेसाठी वेगवेगळं ठरवून ठेवा. रफमधल्या अळ्या पक्ष्यांवर सोडा.

हुमणीचा (मुळं खाणाऱ्या अळीचा) बंदोबस्त ऊस पट्ट्यातल्यासारखाच करा. वळवाचे पाऊस झाले की भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडून कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर बसतात. फांद्या हलवून ते खाली पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. हे दहा-पंधरा संध्याकाळी नेटाने केलं तर पुढची फवारणी बरीच टळते. हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी जमिनीत ओल असताना द्या, कोरड्या मातीत ती फुकट जाते.

पावसाळ्यात ग्रीनवर डाग दिसले की लगेच बुरशीनाशकाची बाटली काढू नका. आधी कापणीची उंची अर्धा-एक मिमी वाढवा, निचरा पाहा, सावली टाकणाऱ्या फांद्या छाटा. तरीही रोग वाढला तर फवारा, पण फक्त त्याच ग्रीनवर.

सावधान: फवारणाऱ्या माणसाचा मास्क, हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे याबाबत सूट नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते विसरू नका. फवारलेल्या होलवर पाटी लावा. गोल्फ खेळणाऱ्यांना टी-पेग (चेंडू ठेवायची खुंटी) दातात धरायची सवय असते, तीही सोडायला सांगा.

## टप्पा ८: तळी, झाडं, शेड

तळ्याचा काठ गुळगुळीत कापलेला ठेवू नका. सहा-आठ मीटर पट्टा वाढू द्या, वाहून येणारं खत आणि माती तिथं अडते. जलपर्णी दिसताक्षणी काढा आणि पाण्यापासून लांब टाका. एक एकर तळ्यातून रोज ७ मिमी उडालं तरी २८ हजार लिटर जातात, त्यामुळे शोभेची उथळ तळी आणि भरदुपारी चालणारी कारंजी यांचा विचार कमिटीने मन घट्ट करून करावा.

झाडं आता लावा, थोडी आणि जागा पाहून. जिथं मुळात माळरान होतं तिथं दाट झाडी उभी करणं म्हणजे माळावर राहणाऱ्या चंडोल पक्ष्याची जागा काढून घेणं. ग्रीनच्या पूर्वेला झाड नको, सकाळचं ऊन गवताला हवं असतं. गुलमोहर आणि रेन ट्री वादळात फांद्या टाकतात. कडुनिंब, करंज, कुंपणाकडेला बोर, बाभूळ चालेल. पहिली दोन वर्षं पाणी कोण घालणार हे नावासकट ठरलं नसेल तर रोप आणू नका.

शेडमध्ये एकच मुद्दा: मोवर पाण्याने धुण्याआधी हवेच्या झोताने गवत झाडा आणि धुण्याचं पाणी तेल वेगळं करणाऱ्या टाकीतून जाऊ द्या. बहुतेक शेडमधून ते सरळ नाल्यात जातं. पंपाला वेगनियंत्रक बसवायचा आणि सोलरचा आकार ठरवायचा तो आता, कारण कमी झालेल्या क्षेत्राचा वीजवापर या टप्प्यावर हातात असतो.

## टप्पा ९: प्रमाणपत्र

ऑड्युबॉन इंटरनॅशनल किंवा जिओ (GEO) या गोल्फ कोर्सना पर्यावरणाचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा असेल तर पहिल्या वर्षाची वही पूर्ण झाल्यावर करा. नोंदी आधीच असल्या की अर्ज भरणं सोपं जातं. नोंदी नसताना अर्ज केला तर वर्षभर कागद जुळवण्यातच जातं आणि हेड वाकडे ते वाकडेच राहतात.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत डब्यांची परीक्षा त्याच फेअरवेवर, त्याच जागी पुन्हा घ्या. समानता पाच टक्क्यांहून जास्त घसरली असेल तर आधी नोझल बदला, बाकीचं नंतर पाहा.